समजून घ्या : पुस्तक ३०० ग्रॅमच्या आत बसेल का? छपाईआधीच काढता येते कागदाचे वजन

बारामती तालुक्यातील पणदरे येथून पुण्यातल्या किंवा नागपूरच्या वाचकाला एक पुस्तक पाठवायचे असेल, तर खर्च किती येणार हे टपाल कार्यालयातल्या काट्यावर कळते. तोपर्यंत उशीर झालेला असतो. पुस्तक छापून, शिवून, पाकिटात भरून झालेले असते. काटा ३०८ ग्रॅम दाखवतो आणि पहिला दर हातातून निसटतो.

हे आठ ग्रॅम कुठून आले, याचे उत्तर छापखान्यात कागद निवडला त्या दिवशीच ठरलेले असते. गेल्या काही काळात तीन गोष्टी बदलल्यामुळे या हिशेबाला वेगळे महत्त्व आले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्याची स्वस्त ‘रजिस्टर्ड बुक पोस्ट’ सेवा बंद झाली. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ ही नवी सेवा आली. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरील जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. स्वतःच्या पैशाने गावाचा इतिहास, कवितासंग्रह किंवा शाळेची स्मरणिका छापणाऱ्याला या तिन्ही गोष्टी ग्रॅममध्येच भेटतात.

जीएसएम म्हणजे नेमके काय?

कागद विकत घेताना ‘७० जीएसएम’, ‘८० जीएसएम’ असे आकडे ऐकू येतात. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. ७० जीएसएमचा एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद तुकडा काट्यावर ठेवला, तर तो ७० ग्रॅम भरतो. हा आकडा जाडी सांगत नाही, हे लक्षात ठेवायला हवे. दोन गिरण्यांचा ७० जीएसएम कागद हाताला वेगळा लागू शकतो, एक फुगीर आणि एक दाबलेला. वजन मात्र सारखेच.

रोजच्या वापरातला ए-४ कागद यासाठी सोपा पडतो, कारण ए-० या मूळ आकाराचे क्षेत्रफळ बरोबर एक चौरस मीटर असते आणि त्याचे चार वेळा निम्मे केले की १६ ए-४ निघतात. ८० भागिले १६ म्हणजे पाच. म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला ८० जीएसएमचा एक ए-४ कागद पाच ग्रॅमचा आणि ५०० कागदांचे रीम अडीच किलोचे. सात-बारा, अर्ज, करारनामा काहीही पाठवायचे असो, कागद मोजा आणि पाचाने गुणा. काटा लागत नाही.

छापखान्यातला ‘३१००’

पुस्तके ए-४ वर छापली जात नाहीत. आपल्याकडे कागद अजूनही इंचात विकला जातो: २३ बाय ३६, २० बाय ३०, १८ बाय २३. इथे रीमचे वजन काढायला एक जुना ठोकताळा आहे. लांबी गुणिले रुंदी (इंचात) गुणिले जीएसएम, भागिले ३१००. आलेले उत्तर ५०० कागदांच्या रीमचे किलोमधील वजन.

३१०० हा आकडा आभाळातून पडलेला नाही. एका चौरस मीटरमध्ये साधारण १५५० चौरस इंच असतात. ५०० कागद आणि किलोचे १००० ग्रॅम यांचा भागाकार केला की २ येतात. १५५० च्या दुप्पट ३१००. सेंटीमीटरमध्ये मोजायचे असेल तर हाच भागाकार २०,००० ने करायचा.

उदाहरण घेऊ. २३ बाय ३६ इंच, ७० जीएसएम. २३ गुणिले ३६ म्हणजे ८२८. गुणिले ७० म्हणजे ५७,९६०. भागिले ३१००, उत्तर १८.७ किलो. कागदाचा व्यापारी किलोने भाव सांगतो आणि छापखाना रीमने हिशेब करतो. या दोघांच्या मध्ये हा भागाकार उभा असतो. ज्याला तो येत नाही, त्याला दोन कोटेशनची तुलनाच करता येत नाही.

आता एक पूर्ण पुस्तक

समजा, पुस्तक डेमी आकाराचे आहे, म्हणजे कापून झाल्यावर साडेपाच बाय साडेआठ इंच. पृष्ठे २४०. इथेच पहिली गफलत होते. २४० पृष्ठे म्हणजे २४० कागद नव्हेत. पान दोन्ही बाजूंनी छापले जाते, त्यामुळे पाने १२०. अंदाज दुप्पट निघाला, तर बहुतेक वेळा कारण हेच असते.

एका पानाचे क्षेत्रफळ ४६.७५ चौरस इंच, म्हणजे ०.०३०२ चौरस मीटर. त्याला ७० ने गुणले की एक पान सुमारे २.११ ग्रॅमचे. १२० पानांचे २५३ ग्रॅम. मुखपृष्ठ ३०० जीएसएम आर्ट कार्डचे धरले, तर पुढचे, मागचे आणि कण्याची पट्टी मिळून साधारण १९ ग्रॅम. डिंक आणि लॅमिनेशनचे तीनेक ग्रॅम. एकूण २७५ ग्रॅम.

पाकीट, आतला पुठ्ठा, चिकटपट्टी यांचे २० ते २५ ग्रॅम धरले की आकडा २९५ ते ३०० वर पोहोचतो. ज्ञान पोस्टचा पहिला टप्पा ३०० ग्रॅमचा आहे. म्हणजे हे पुस्तक उंबरठ्यावर उभे आहे. पाकीट जरा भक्कम घेतले तरी बाहेर.

आतला कागद ६० जीएसएमचा घेतला, तर हेच पुस्तक २३९ ग्रॅमचे होते आणि पाकिटासह निवांत आत बसते. ८० जीएसएमचा घेतला, तर पाकिटाशिवायच ३११ ग्रॅमच्या पुढे जाते. पृष्ठे तीच, मजकूर तोच. फरक फक्त छापखानदाराने विचारलेल्या ‘कागद कुठला टाकू?’ या प्रश्नाच्या उत्तरात आहे. बरेचदा ‘चांगला टाका’ एवढेच उत्तर दिले जाते, आणि चांगला याचा अर्थ जाड असा घेतला जातो.

६० जीएसएमलाही किंमत मोजावी लागते. कागद तलम झाला की मागच्या पृष्ठाची अक्षरे पुढे दिसू लागतात. फोटो असतील तर हे जास्तच जाणवते. वयस्क वाचकांसाठी किंवा मुलांसाठी पुस्तक असेल, तर टपालाचे चार पैसे वाचवण्यासाठी डोळ्यांना ताण देणे शहाणपणाचे नाही. त्यापेक्षा अक्षरजुळणी थोडी घट्ट करून १६ पृष्ठांचा एक फॉर्म कमी केलेला बरा. ७० जीएसएमवर एका फॉर्मची आठ पाने म्हणजे १७ ग्रॅम. वर दिलेल्या उदाहरणात तेवढ्याने काम भागते.

टपालात काय बदलले?

जुन्या रजिस्टर्ड बुक पोस्टमध्ये एक किलोची पुस्तके ३२ रुपयांत आणि पाच किलोंचा गठ्ठा ८० रुपयांत देशात कुठेही जात असे. छोट्या प्रकाशकांचा आणि घरून पुस्तके विकणाऱ्यांचा बराचसा व्यवहार त्यावर उभा होता. २०२३ चा टपाल कार्यालय कायदा जून २०२४ मध्ये लागू झाला, नवे नियम डिसेंबरमध्ये आले आणि त्याच महिन्यात ही सेवा थांबली. त्यानंतरचे चार-साडेचार महिने पुस्तके महागड्या पार्सल दराने पाठवावी लागली.

मे २०२५ पासून सुरू झालेल्या ज्ञान पोस्टमध्ये ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि कमाल पाच किलोंसाठी १०० रुपये असा दर ठेवण्यात आला. कर वेगळे. मधले टप्पे वजनानुसार चढत जातात. वाहतूक जमिनीवरून होते, त्यामुळे वेळ जास्त लागतो; पाकिटाचा माग मात्र ऑनलाइन काढता येतो.

अटी वाचून घ्यायला हव्यात. पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचे नाव छापलेले असणे आवश्यक आहे. व्यावसायिक स्वरूपाची प्रकाशने आणि जाहिराती असलेला मजकूर या सेवेत चालत नाही. पुस्तकांची यादी किंवा किरकोळ निवेदन तेवढे चालते. मराठीसाठी ही अट साधी नाही. १९०९ मध्ये का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा जाहिरातींवरच तगून आहे. जाहिराती असलेल्या अंकाला हा दर मिळत नाही. गावातल्या मंडळाच्या स्मरणिकेत खत दुकानाच्या आणि पतसंस्थेच्या शुभेच्छा छापल्या, की तिचीही वाट हीच. २० रुपये धरून टपालखर्चाचे अंदाजपत्रक मांडणाऱ्याने हे आधीच पाहिलेले बरे.

एकगठ्ठा पाठवताना गणित आणखी बोलके होते. पाच किलोंच्या मर्यादेत २७५ ग्रॅमच्या १८ प्रतींचे वजन ४ किलो ९५० ग्रॅम होते, पण खोक्याला जागा उरत नाही, म्हणून १७. तेच ६० जीएसएमवर छापले, तर २० प्रतींचे ४ किलो ७८० ग्रॅम होतात आणि हलक्या वेष्टनासह जेमतेम बसतात. एका ग्रंथालयाला वीस प्रती द्यायच्या असतील, तर एका पाकिटाचा की दोन पाकिटांचा खर्च, हे इथे ठरते.

खासगी कुरिअरकडे ‘आकारमानाचे वजन’ लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात आणि जे जास्त ते वजन धरतात. पुस्तकांना याची फारशी भीती नाही. वरचे पुस्तक या सूत्राने १०० ग्रॅमही भरत नाही. कागद मुळातच जड. उशी पाठवणाऱ्याची अडचण पुस्तकवाल्याला नसते.

जो कागद पाठवलाच जात नाही, त्याचेही पैसे

वजनाचा आणखी एक भाग वाचकापर्यंत पोहोचतच नाही. २३ बाय ३६ च्या एका कागदातून डेमीची १६ पाने निघतात. न कापलेले पान पावणेसहा बाय नऊ इंच असते, कापल्यावर साडेपाच बाय साडेआठ. म्हणजे जवळपास पावणेदहा टक्के कागद कटिंग मशीनखाली कातरण होतो.

एका १६ पृष्ठी फॉर्मला हजार प्रतींमागे एक रीम, हा हिशेब डोक्यात ठेवला की पुढचे सोपे आहे. २४० पृष्ठे म्हणजे १५ फॉर्म, म्हणजे १५ रीम, म्हणजे सुमारे २८० किलो. मशीनवर रंग जुळेपर्यंत वाया जाणारा कागद पाच टक्के धरला, तर खरेदी २९५ किलोंच्या आसपास जाते. हजार पुस्तकांत प्रत्यक्ष उरतो तो २५३ किलो. बाकीचे चाळीसेक किलो रद्दी. रद्दीचे पैसे कोणाचे, हे छपाई ठरवतानाच बोलून घ्यावे. नंतर तो विषय निघत नाही.

जीएसटीची वाढ या २९५ किलोंवर बसते. छापील पुस्तकावर कर शून्य आहे, पण नेमके म्हणूनच कागदावर भरलेल्या कराची वजावट प्रकाशकाला मिळत नाही. तो कर खर्चात मिसळून जातो. किलोला ८० रुपये भाव गृहीत धरला (बाजारभाव रोज बदलतो, हा आकडा केवळ हिशेबासाठी), तर कागद २३,६०० रुपयांचा. १२ टक्क्यांनी कर २,८३२ रुपये होता, १८ टक्क्यांनी ४,२४८. प्रतीमागे फरक एक रुपया चाळीस पैशांचा. आकडा लहान आहे, पण ज्या पुस्तकाच्या जेमतेम हजार प्रती निघतात, तिथे तो लेखकाच्या खिशातून जातो. वह्यांसाठी लागणारा कागद मात्र याच वेळी शून्य करात गेला. कोरी वही करमुक्त कागदाची आणि छापलेले पुस्तक १८ टक्के कराच्या कागदाचे, अशी ही विचित्र स्थिती आहे.

कारखान्याची नोटीस : आठ कागद की नऊ?

पणदऱ्याच्या परिसरात छापील कागद सर्वाधिक कोण पाठवते, असे विचारले तर सहकारी संस्थांचे नाव आधी येईल. माळेगाव, सोमेश्वर, छत्रपती या कारखान्यांच्या वार्षिक सभांचा काळ आला की अहवाल आणि नोटिसा निघतात. एकट्या माळेगाव कारखान्याची सभासदसंख्या १९ हजारांच्या घरात आहे, आणि पणदरे हा त्याच्या निवडणुकीतला एक गट आहे.

कोणता कारखाना काय छापतो हा इथला मुद्दा नाही. १९ हजार या आकड्यावर ग्रॅम कसे वाढतात ते पाहण्यासारखे आहे. समजा, ४८ पृष्ठांचा ए-४ अहवाल ७० जीएसएमवर छापला आणि मुखपृष्ठाला १७० जीएसएमचा आर्ट पेपर लावला. एक प्रत १२६ ग्रॅमची. १९ हजार प्रती म्हणजे जवळपास २.४ टन. छोटा हत्ती एका खेपेत एवढे ओढणार नाही. आतला कागद ६० वर आणला, तर २.१ टन.

पण टपालखर्च? त्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही. स्पीड पोस्टच्या १ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दरपत्रकात कागदपत्रांचे टप्पे ५०, २५० आणि ५०० ग्रॅमचे आहेत. १२६ आणि १११ ग्रॅम दोन्ही एकाच टप्प्यात पडतात. कागद खरेदीत बचत होते, टपालात नाही.

उलट साधी नोटीस घ्या. ८० जीएसएमचे आठ कागद ४० ग्रॅम, लांबट लिफाफा सहा-सात ग्रॅम. पाकीट ५० च्या आत. नववा कागद जोडला की ५१-५२. स्थानिक टपाल सोडले, तर ५० ग्रॅमपर्यंत ४७ रुपये आणि २०० किलोमीटरच्या आत पुढच्या टप्प्याला ५९ रुपये, कर वेगळा. पाकिटामागे १२ रुपये. १९ हजार पाकिटे अशीच गेली, तर एका जादा कागदाचे २ लाख २८ हजार रुपये. नोटिसा शिपायामार्फत हातोहात वाटल्या तर हा प्रश्न येत नाही, हे खरे; पण रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाल्यापासून पोचपावतीसह टपाल पाठवायचे तर दर हाच बघावा लागतो. नववा कागद टाळायचा, की तोच मजकूर ७० जीएसएमवर नऊ कागदांत बसवायचा? ७० चा ए-४ कागद ४.३७ ग्रॅमचा. नऊ कागदांचे ३९ ग्रॅम. लिफाफ्यासह ४६. प्रश्न मिटतो.

याच परिसरातला आणखी एक धागा. उसाच्या चिपाडापासून छपाईचा कागद होतो. तमिळनाडू सरकारने १९७९ मध्ये स्थापन केलेली ‘तमिळनाडू न्यूजप्रिंट अँड पेपर्स’ ही कंपनी त्यासाठीच ओळखली जाते. आपल्याकडे बगॅस मुख्यतः बॉयलरमध्ये जातो, वाफ आणि वीज होते. चिपाडाचा कागद असो की लाकडाचा, ७० जीएसएम तो ७० जीएसएमच.

हिशेब आणि काटा जुळत नाहीत तेव्हा

गुणाकार बरोबर असूनही पाच-दहा ग्रॅम इकडेतिकडे होतात. गिरणीच्या कागदात ठरलेल्या जीएसएमपेक्षा काही टक्के कमी-जास्त चालते. २५३ ग्रॅमच्या पुस्तकात चार टक्के म्हणजे दहा ग्रॅम, आणि ३०० च्या उंबरठ्यावर तेवढे पुरते. दुसरे कारण हवा. कागद ओलावा ओढून घेतो. जुलैत उघड्या गोदामात ठेवलेले रीम एप्रिलपेक्षा जड भरते. पावसाळ्यात किलोने कागद घेणारा थोडेफार पाणीही विकत घेतो.

म्हणून अनुभवी छापखाने आधी ‘डमी’ करतात: त्याच कागदाची, तेवढ्याच पानांची कोरी प्रत, मुखपृष्ठासह शिवून. ती पाकिटात घालून किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली की उत्तर मिळते. आकडा मर्यादेच्या दहा-पंधरा ग्रॅम आत असेल तरच पुढे जावे.

हेच गणित दप्तराचे

बालभारतीचे कुठलेही पाठ्यपुस्तक उघडून सुरुवातीचे श्रेयनामावलीचे पान पाहा. तिथे ‘कागद : ७० जीएसएम, क्रीमवोव्ह’ अशी ओळ सापडते. पट्टी घेऊन लांबी-रुंदी मोजली की वजन घरबसल्या निघते. १८ बाय २४ सेंटीमीटरच्या १०० पृष्ठांच्या पुस्तकाची ५० पाने, एकूण २.१६ चौरस मीटर, गुणिले ७०. मुखपृष्ठ सोडून १५१ ग्रॅम.

मुलाच्या पाठीवरचे ओझे शरीराच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा आदेश महाराष्ट्र सरकारने जुलै २०१५ मध्ये काढला. २० किलोच्या मुलाला दोन किलो. अशी पाच पुस्तके धरली, तर मुखपृष्ठांसह ८००-८५० ग्रॅम होतात. उरलेल्या साडेअकराशे-बाराशे ग्रॅममध्ये दप्तर, डबा, पाण्याची बाटली आणि वह्या. अर्धा लिटर पाणीच अर्धा किलो.

२०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत पाठानंतर कोरी पाने जोडली गेली आणि पुस्तके चार भागांत विभागली. दोन निर्णयांचे वजन उलट्या दिशेने जात होते. भाग पाडल्याने रोजचे ओझे कमी होणार होते, कोऱ्या पानांनी प्रत्येक भाग जड होणार होता. कोऱ्या पानांमुळे वह्या घरी राहतील, असा अंदाज होता. वह्या दप्तरात येतच राहिल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने कोऱ्या पानांचा निर्णय मागे घेतला.

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात पहिली-दुसरीसाठी १.६ ते २.२ किलो, तर अकरावी-बारावीसाठी ३.५ ते ५ किलो असे वजन सुचवले आहे. प्रकाशकांनी प्रत्येक पाठ्यपुस्तकावर त्याचे वजन जीएसएमसह छापावे, अशीही सूचना त्यात आहे.